विम्बल्डनचे नियम ठरवणाऱ्या डॉक्टरनं पत्त्यांतल्या पहिल्या उतारीलाही भाषा दिली

मेंढीकोटचा डाव रंगलाय. तेरा पानं हातात आलीत, हुकूम ठरलाय आणि उतारी तुमची आहे. समोर बसलेला भिडू तुमच्याकडे टक लावून बघतोय. त्याच्याकडे काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, तुमच्याकडे काय आहे ते त्याला माहीत नाही. डोळ्यानं खुणावलं तर लगेच लबाडीचा आरडाओरडा होणार. मग त्याला सांगायचं कसं? एकच मार्ग उरतो. जे पान टाकाल तेच तुमच्या वतीनं बोलणार.

कॉन्ट्रॅक्ट ब्रिज या खेळात ही अडचण आणखी मोठी होते. इथंही चार खेळाडू, दोन जोड्या आणि प्रत्येकाला १३ पानं. आधी बोली लागते. जिची बोली सर्वात वरची ठरते, त्या जोडीतला एकजण डाव खेळतो. त्याच्या डावीकडे बसलेला विरोधक पहिलं पान टाकतो. हे पान टेबलावर पडलं, की मगच डाव खेळणाऱ्याचा भिडू आपली तेराही पानं सगळ्यांसमोर उघडी मांडतो. या उघड्या पानांना डमी म्हणतात. म्हणजे डावातली सगळ्यात महत्त्वाची निवड सगळ्यात कमी माहितीवर करावी लागते. एक पान चुकीचं पडलं, तर हरणारा डाव समोरच्याला आयता मिळतो.

म्हणूनच ब्रिज शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच एक नियम सांगितला जातो. ज्या रंगाची सर्वात जास्त पानं हातात आहेत, त्यातलं वरून चौथं पान उतरायचं. इथं रंग म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट किंवा किलवर.

हा नियम ब्रिजहून जुना आहे. तो जगभर पोहोचवला लंडनच्या एका डॉक्टरनं. त्याचं नाव हेन्री जोन्स. पण हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. पत्ते खेळणारे लोक त्याला ओळखत होते ते कॅव्हेंडिश या टोपणनावानं. आणि विम्बल्डनची पहिली टेनिस स्पर्धा झाली, तेव्हा तिचा रेफ्री होता तोही हाच माणूस.

घरात सर्जरी आणि पत्ते, दोन्ही

हेन्रीचा जन्म २ नोव्हेंबर १८३१ चा, लंडनमधला. वडील सर्जन होते आणि पत्त्यांचे नादीही होते. त्या काळी इंग्लंडमध्ये व्हिस्ट नावाच्या खेळाची चलती होती. आजच्या ब्रिजचा हा पूर्वज. यात बोली नाही आणि डमीही नाही. वाटणाऱ्याला मिळालेलं शेवटचं पान उघडं केलं जाई आणि त्या पानाचा रंग तोच हुकूम. मग वाटणाऱ्याच्या डावीकडचा खेळाडू पहिली उतारी करी. व्हिस्टच्या बाबतीत लंडनच्या पोर्टलंड क्लबचा शब्द मोठा मानला जाई. हेन्रीचे वडील त्या क्लबच्या व्हिस्ट समितीचे अध्यक्ष होते.

मुलगाही वडिलांच्याच वाटेनं गेला. सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये शिकला, सर्जन झाला आणि लंडनमध्ये प्रॅक्टिस करू लागला. पत्त्यांचा नादही त्यानं वडिलांकडूनच उचलला, पण त्याचा नाद थोडा वेगळा होता. डाव संपला की बाकीचे पानं पिसून पुढचा डाव वाटत. हेन्री आणि त्याची तरुण मित्रमंडळी मात्र संपलेला डाव लिहून ठेवत. अमुक पानाऐवजी तमुक पान टाकलं असतं तर काय झालं असतं, यावर त्यांचे वाद चालत. वाद मिटला नाही तर पानं पुन्हा मांडून डाव परत खेळून बघत. या मंडळींत हेन्रीचा केंब्रिजमध्ये शिकलेला भाऊही होता.

सर्जन माणूस आजाराचं कारण शोधतो. हेन्री हरलेल्या डावाचं कारण शोधत होता.

नशीब बाजूला काढायचं कसं?

पत्त्यांवर एक आरोप नेहमीच होतो. सगळा नशिबाचा खेळ आहे, ज्याला पानं चांगली तो जिंकतो. यावर वर्षानुवर्षं नुसती चर्चा होत होती. १८५७ मध्ये हेन्रीनं लंडनमध्ये सरळ एक प्रयोगच मांडला.

दोन टेबलं घेतली. दोन्ही टेबलांवर एक जोडी जाणकारांची आणि एक जोडी साध्या खेळाडूंची. पहिल्या टेबलावर एक डाव खेळला गेला. मग तीच वाटणी दुसऱ्या टेबलावर लावली, पण जागा उलट्या करून. पहिल्या टेबलावर साध्या खेळाडूंना जी पानं मिळाली होती, ती दुसऱ्या टेबलावर जाणकारांना मिळाली आणि जाणकारांची पानं साध्या खेळाडूंना. असे एकामागून एक डाव खेळवले गेले. दोन्ही बाजूंना शेवटी सारखीच पानं खेळायला मिळाली, म्हणजे नशिबाचा हिशेब शून्य झाला. तरीही जाणकारांची बाजू पुढे राहिली. जो फरक उरला तो फक्त खेळण्यातला होता.

आज जगभरात ब्रिजच्या मोठ्या स्पर्धा याच पद्धतीनं होतात. एकच वाटणी वेगवेगळ्या टेबलांवर खेळवली जाते आणि कुणी तिचं काय केलं ते बघितलं जातं.

टोपणनाव आणि एक छोटं पुस्तक

१८६२ मध्ये हेन्रीचं व्हिस्टच्या तत्त्वांवरचं पुस्तक आलं. त्यावर त्यानं स्वतःचं नाव घातलं नाही, लेखक म्हणून फक्त कॅव्हेंडिश एवढंच छापलं.

व्हिस्टवर पुस्तकं आधीही होती. त्याच्या १२० वर्षं आधी, १७४२ मध्ये एडमंड हॉइलनं या खेळावर लिहिलेलं पुस्तक इंग्लंडमध्ये धडाधड खपलं होतं. पण जुन्या पुस्तकांचा भर असायचा तो असं असेल तर असं खेळा, हे सांगण्यावर. हेन्रीनं प्रत्येक नियमामागचं कारण लिहिलं आणि सोबत पूर्ण डाव पानापानानं उलगडून दाखवले. वाचणाऱ्याला नियम पाठ करायची गरज उरली नाही, तो समजून घेता येऊ लागला.

पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. द फील्ड या साप्ताहिकात कॅव्हेंडिश पत्त्यांवर लिहू लागला. वाचकांची पत्रं येऊ लागली, क्लबातले वाद निकालासाठी त्याच्याकडे पोहोचू लागले. शेवटी १८६९ मध्ये त्यानं डॉक्टरकी सोडली आणि खेळांवर लिहिणं हेच आपलं काम करून टाकलं.

आणि मधेच विम्बल्डन

हेन्रीला मैदानी खेळांचीही आवड होती. त्या वेळी इंग्लंडमध्ये क्रोके जोरात होतं. हिरवळीवर लाकडी हातोड्यानं चेंडू मारून तो कमानींतून काढायचा, असा हा खेळ. १८६८ मध्ये द फील्डच्या कचेरीत जमलेल्या काही मंडळींनी ऑल इंग्लंड क्रोके क्लब काढला. त्यात हेन्रीही होता. क्लबनं विम्बल्डनला वर्पल रोडवर जागा घेतली.

१८७५ मध्ये हेन्रीनं सुचवलं, की एक हिरवळ लॉन टेनिस या नव्या खेळासाठी राखून ठेवू. दोनच वर्षांत क्लबच्या नावात टेनिस आलं आणि जुलै १८७७ मध्ये पहिली स्पर्धा भरली. २२ खेळाडू उतरले आणि स्पेन्सर गोर जिंकला.

स्पर्धेआधी नियम ठरवायला तिघांची समिती होती. ज्युलियन मार्शल, सी. जी. हीथकोट आणि हेन्री जोन्स. तोवर वाळूच्या घड्याळासारखं, मधे निमुळतं कोर्ट चालत होतं. समितीनं सरळ आयताकृती कोर्ट घेतलं आणि गुणांसाठी १५, ३०, ४० ही जुन्या टेनिसमधली पद्धत उचलली. आज आपण टीव्हीवर जे बघतो, त्याचा पाया तिथं पडला.

स्पर्धा संपल्यावर हेन्रीनं तेच केलं जे तो पत्त्यांत करायचा. तो मोजायला बसला. ६०१ गेमपैकी ३७६ गेम सर्व्हिस करणाऱ्यानं जिंकले होते. म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याला फाजील फायदा मिळत होता. पुढच्या वर्षी सर्व्हिसची रेषा जाळ्याच्या जवळ आणली गेली आणि त्याला वेसण घातली गेली. १८८५ पर्यंत हेन्री विम्बल्डनचा रेफ्री राहिला.

न्यू ऑर्लिन्सहून आलेली पत्रं

याच काळात त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं काम आकाराला येत होतं. प्रश्न जुनाच होता. पहिल्या उतारीतून भिडूला काय सांगता येईल?

लांब रंगातून उतारी करावी, हे पक्कं होतं. कारण तो रंग दोन-तीनदा फिरला की बाकीच्यांची त्यातली पानं संपतात. हुकूमही संपला असेल, तर मग हातात उरलेली पंजी-छक्कीसुद्धा हात करून जाते. पण त्या रंगाची आपल्याकडे किती पानं आहेत, हे भिडूला कळलं तर तो त्याप्रमाणे साथ देऊ शकतो.

यासाठी तुकड्या-तुकड्यांनी नियम जमा होत गेले. रंगाची चार पानं असतील तर सगळ्यात खालचं उतरा. पाच असतील तर खालून दुसरं. पुढे कुणी म्हणालं, सहा असतील तर खालून तिसरं. खेळणाऱ्याच्या डोक्यात नुसता गोंधळ.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात निकोलस ट्रिस्ट नावाचा व्हिस्टचा जाणकार राहत होता. त्याचा आणि हेन्रीचा पत्रव्यवहार होता. ट्रिस्टच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. खालून मोजायचं सोडा आणि वरून मोजा. चार पानांतलं सगळ्यात खालचं, पाचांतलं खालून दुसरं आणि सहांतलं खालून तिसरं ही तिन्ही पानं वरून मोजली तर चौथीच असतात. तीन नियमांचा एकच नियम झाला.

मोठेपणा असा, की हेन्रीनं ही कल्पना आपल्या नावावर खपवली नाही. १८८५ मध्ये त्यानं व्हिस्टमधल्या नव्या गोष्टींवर पुस्तक काढलं आणि तिथं या उतारीला अमेरिकन उतारी असंच म्हटलं. पण कॅव्हेंडिशच्या लेखणीतून आल्यामुळे ती सगळीकडे पसरली.

११ मधून वजा करा

चौथ्या पानाच्या नियमातून पुढे एक गंमत निघाली. रॉबर्ट फॉस्टर या व्हिस्ट शिकवणाऱ्या लेखकानं ती प्रसिद्ध केली. भिडूनं उतरलेल्या पानाचा आकडा ११ मधून वजा करायचा. जे उत्तर येईल, तेवढीच त्याहून मोठी पानं उरलेल्या तिघांच्या हातात असतात.

जादू वाटते, पण हिशेब साधा आहे. गुलाम ११, राणी १२, राजा १३ आणि एक्का १४ धरा. सत्तीच्या वर १४ वजा ७ म्हणजे सात पानं असतात. सत्ती हे भिडूचं चौथं पान, म्हणजे त्यातली तीन त्याच्याकडेच आहेत. बाकीच्या तिघांत उरली चार. ११ वजा ७, चार.

ब्रिजमध्ये याचा उपयोग बघा. भिडूनं बदामाची सत्ती उतरली. डमीत बदामाची राणी आणि नव्वी दिसते. तुमच्या हातात बदामाचा एक्का आणि गुलाम आहे. झाली चार पानं. याचा अर्थ डाव खेळणाऱ्याकडे सत्तीहून मोठं एकही बदाम नाही. त्यानं डमीतून लहान पान टाकलं, तर तुम्ही एक्का खर्च करायचा नाही. गुलामानंच हात होणार. टेबलाच्या पलीकडून भिडूनं टाकलेल्या एका सत्तीनं तुम्हाला न दिसणाऱ्या हातातली पानं सांगितली.

पण हे शत्रूलाही ऐकू येतं

इथंच वाद पेटला. सत्तीचा अर्थ तुमच्या भिडूला कळतो, तसाच तो समोरच्या दोघांनाही कळतो. वजाबाकी त्यांनाही येते. मग आपल्या हातातली गोष्ट चारचौघांत सांगून फायदा कुणाचा?

टीकाकार तुटून पडले. पेम्ब्रिज या टोपणनावानं लिहिणाऱ्या एकानं १८८४ मध्ये थेट व्हिस्टच्या अधोगतीवरच पुस्तक काढलं. या मंडळींचं म्हणणं असं, की चांगला खेळाडू प्रसंग पाहून डोकं चालवतो. खुणांची बाराखडी घोकून घेतली, की विचार करायचं बंद होतं. शिवाय ठरवून केलेल्या खुणा हा खेळच आहे का, असाही प्रश्न होता.

या प्रश्नात दम होता. पण त्याचं उत्तर हेन्रीच्या कामाच्या पद्धतीतच होतं. त्यानं आपली बाराखडी पुस्तकात छापली, साप्ताहिकात छापली. ज्याला हवी त्यानं वाचावी. दोघांनाच ठाऊक असते ती चोरटी खूण. सगळ्यांना ठाऊक असते ती भाषा. भाषा वापरताना ती शत्रूलाही कळणार हे धरूनच बोलावं लागतं आणि कधी बोलायचं, कधी गप्प राहायचं हे ठरवण्यात खरं कसब असतं.

आज ब्रिजच्या कायद्यात हेच तत्त्व आहे. जोडीदारांनी आपसात जे काही ठरवलं असेल, ते विरोधकांनाही कळायला हवं. पानातून बोलायला पूर्ण मुभा आहे. डोळे, खोकला, बोटं किंवा पान टाकताना मुद्दाम लावलेला वेळ यांतून बोलायला सक्त मनाई. मोठ्या स्पर्धांत तर भिडूचा चेहराच दिसू नये म्हणून टेबलावर आडवा पडदा लावतात.

व्हिस्ट गेला, चौथं पान राहिलं

हेन्रीच्या शेवटच्या वर्षांत वारं फिरलं. १८९४ च्या सुमारास ब्रिज हा नवा खेळ लंडनच्या पोर्टलंड क्लबात शिरला. ज्या क्लबात वडिलांनी व्हिस्टची राखण केली होती, तोच हा क्लब. ब्रिजमध्ये एका खेळाडूची पानं उघडी पडत होती. डाव झटपट आणि चुरशीचा होत होता. व्हिस्टची टेबलं हळूहळू रिकामी होऊ लागली.

१० फेब्रुवारी १८९९ ला हेन्री जोन्स लंडनमध्ये गेला. त्यानं रचलेल्या खुणांच्या मोठ्या वाड्यातल्या बहुतेक खोल्या पुढच्या काही वर्षांत बंद झाल्या. ऑक्शन ब्रिज आला. १९२५ मध्ये अमेरिकेच्या हॅरोल्ड व्हँडरबिल्टनं बोटीच्या प्रवासात गुणांची नवी पद्धत लावून बघितली आणि आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज उभा राहिला. या सगळ्या उलथापालथीत चौथं पान मात्र टिकलं.

मग आज उतारी कशी निवडतात?

हेन्रीच्या काळी पहिली उतारी करणाऱ्यानं आधी काहीच ऐकलेलं नसायचं. ब्रिजमध्ये उतारीआधी बोली होते, म्हणजे चारही जणांनी काही ना काही सांगितलेलं असतं. म्हणून आजचा खेळाडू आधी बोली आठवतो आणि मग आपली पानं बघतो.

भिडूनं एखादा रंग बोलला असेल, तर बहुतेक वेळा तोच उतरतात. बिनहुकमी डाव असेल, तर लांब रंगातलं चौथं पान. पण राजा, राणी, गुलाम अशी सलग पानं असतील, तर सगळ्यात वरचं पान, म्हणजे राजा. यातून भिडूला कळतं की खालची राणीही इथंच आहे आणि समोरच्याला स्वस्तात हात मिळत नाही.

हुकमाचा डाव असेल तर हिशेब बदलतो. एखाद्या रंगाचं एकच पान असेल तर ते उतरून टाकतात. भिडूनं तोच रंग परत फिरवला की हुकूम मारून हात करता येतो. आणि हातात एक्का असलेल्या रंगातून लहान पान सहसा उतरत नाहीत. पुढच्या फेरीला समोरच्याकडचा तो रंग संपलेला असू शकतो आणि मग एक्क्यावर हुकूम पडतो.

कधी कधी न उतरणारा भिडूही उतारी सांगतो. थिओडोर लाइटनर या अमेरिकन खेळाडूनं १९२९ च्या सुमारास एक युक्ती काढली. समोरच्यांनी १२ किंवा १३ हातांची मोठी बोली लावली आणि भिडूनं त्यावर डबल दिलं, तर त्याचा अर्थ नेहमीची उतारी करू नकोस, वेगळा विचार कर. बऱ्याचदा त्याच्याकडे एखाद्या रंगाचं एकही पान नसतं आणि तो हुकूम मारायला टपून बसलेला असतो.

चौथ्या पानालाही आता प्रश्न विचारले जातात. डेव्हिड बर्ड आणि टॅफ अँथिआस यांनी संगणकावर हजारो डाव खेळवून कुठली उतारी जास्त वेळा फायद्याची ठरते ते तपासलं आणि २०११ मध्ये बिनहुकमी डावांच्या उताऱ्यांवर पुस्तक काढलं. काही जुन्या सवयी त्यात टिकल्या, काही डळमळल्या. समोरच्यांनी इस्पिक-बदामाचं नाव न काढता थेट बिनहुकमी डाव बोलला असेल, तर त्या दोन रंगांपैकी एखादा उतरणं अनेकदा चांगलं ठरतं, असं त्यांना आढळलं.

हेन्रीला याचं वाईट वाटलं नसतं. तीच पानं पुन्हा मांडून निकाल मोजायचा, ही तर त्याचीच १८५७ ची रीत. फरक इतकाच, की त्यानं दोन टेबलांवर माणसं बसवली होती आणि आता ते काम संगणक करतो.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा पत्त्यांत कसलं आलंय पदक, असं म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. हेन्री जोन्सनं याच शंकेचं उत्तर १६१ वर्षं आधी प्रयोग करून दिलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी मेंढीकोटला बसाल आणि उतारी तुमची असेल, तर हाताला लागेल ते पान टाकू नका. समोर भिडू बसलाय. त्याला काय कळायला हवं, ते आधी ठरवा.